निफाडकर

गेल्या वर्षापर्यंत डिसेंबर उजाडला की आमच्या घरी पहाटे साडेपाचच्या सुमाराला एक पाहुणा यायचा. दार वाजवायचा नाही, चपला काढायचा नाही, चहाचं विचारायची सोय नाही. झोपायच्या खोलीतल्या पूर्वेच्या खिडकीतून आत शिरायचा आणि थेट माझ्या डाव्या कानाशी येऊन बसायचा. घरात त्याला ‘निफाडकर’ म्हणत. नाव माझ्या वडिलांनी ठेवलेलं. खिडकीचं तोंड पूर्वेला, नाशकाहून निफाडही त्याच अंगाला, आणि थंडीच्या बाबतीत निफाडचा दरारा काय आहे हे नाशिककराला सांगायला नको. (हे आडनाव लावणाऱ्या सज्जनांनी राग मानू नये. त्यांच्यातले मला भेटलेले सगळे स्वभावाने उबदार निघाले.)

नाव ठेवावं लागलं, कारण मराठीत या वस्तूला शब्दच नाही. वाऱ्यासाठी आपल्याकडे शब्दांची वाण आहे असं नव्हे. झुळूक आहे, झोत आहे, सोसाटा आहे, वावटळ आहे. समुद्राकाठच्या लोकांनी तर खारे आणि मतलई अशी वाटणीसुद्धा करून ठेवली आहे. पण बंद खिडकीच्या फटीतून गुपचूप येणारा, कॅलेंडरचं पान हलणार नाही पण मान आखडेल इतक्याच जोराचा जो वारा, तो बिननावाचाच राहिला. इंग्रज त्याला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. तेहेतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला हा शब्द ऐकला की डिमांड ड्राफ्टच आठवतो, आणि विचार केला तर ते अगदीच चूक नाही. निफाडला काढलेला, नाशकात वटणारा. फक्त याला कमिशन पडत नाही आणि सही जुळत नाही म्हणून परतही पाठवता येत नाही.

दर हिवाळ्यात निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला याची बातमी आमच्याकडे ठळक छापून येते. नाशिककर ती चहाबरोबर अशा तोऱ्यात वाचतो, की जणू त्यानेच रात्रभर जागून पारा खाली ओढला. थंड हवेचं ठिकाण म्हणून पाटी महाबळेश्वरला लागलेली. पण ऐन पौषात नीचांकाच्या शर्यतीत निफाड त्याला कितीदा तरी मागे टाकतं, हे आम्ही परगावच्या माणसाला त्याने न विचारता सांगतो. पारा चार-पाच अंशांवर आला की द्राक्षबागायतदार पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकने विहिरीचं पाणी सोडतात. नाहीतर भरत आलेले मणी तडकतात. म्हणजे नाशिक जिल्ह्यात पहाटे द्राक्षाला शेकोटी मिळते आणि मला कानटोपी.

घर पंचवटीतलं, आजोबांनी १९३८ साली बांधलेलं. तेव्हा पूर्वेला नुसते मळे होते. वारा अडवायला बाभळीचं झाडसुद्धा नव्हतं म्हणे. पण आजोबांनी घर बांधलं ते चैत्र-वैशाख डोळ्यांपुढे ठेवून: हातभर जाडीच्या भिंती, मान वर करून बघावं लागेल असं छत, आणि प्रत्येक खिडकीच्या वर गरम हवा निघून जायला झरोका. थंडी काय, दोन महिन्यांची. ती घोंगडीत निभावून न्यायची, अशी त्या पिढीची समजूत. खिडक्या सागवानी. झडपा उभ्या जाड फळ्या जोडून केलेल्या, बाहेरून लोखंडी गज, आतून कडी-कोयंडा. घर पडेल पण खिडक्या राहतील, असं आजोबा म्हणत. घर अजून पडलेलं नाही, त्यामुळे या विधानाची परीक्षा झालेली नाही.

एवढा वारा येतो तरी कुठून, हा प्रश्न मी निवृत्तीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात हाती घेतला. त्याआधी वेळ नव्हता, आणि सर्दीला रजा मिळत होती.

खिडकी चार फूट उंच, तीन फूट रुंद, दोन झडपांची. चारी कडा मिळून चौदा फूट, झडपा जिथे मिटतात तो मधला सांधा चार फूट, एकूण अठरा. फट सरासरी एक सूत. सूत म्हणजे सुताराच्या मापात इंचाचा आठवा भाग. डोळ्याला ती फट वाटतही नाही. पण अठरा फुटांचे इंच २१६, त्याला आठाने भागलं की २७ चौरस इंच. आता वीट घ्या. तिचं टोक साडेचार बाय तीन, म्हणजे साडेतेरा. थोडक्यात, उशाशी भिंतीतल्या दोन विटा काढून ठेवायच्या आणि त्या भोकापुढे कान करून झोपायचं, असा माझा साठ वर्षांचा नेम होता. हा हिशेब मी बायकोला दाखवला. लोक सुतावरून स्वर्ग गाठतात, आपण सर्दी गाठली, असंही म्हणालो.

“हिशेब बरोबर आहे,” ती म्हणाली. “फट केव्हा बुजवणार?”

तसं पाहिलं तर निफाडकरांशी लढणारा मी घरातला पहिला नव्हे. आजीचं हत्यार म्हणजे जुन्या लुगड्याची वळकटी. ती खिडकीच्या खालच्या कडेला दाबून बसवायची, वरून दोन खिळ्यांना गोधडी अडकवायची, आणि खोलीत कोळशाची शेगडी आणायची. मात्र शेगडी आत आली की वळकटी बाहेर, हा तिचा नियम. आम्ही मुलं कुरकुरायचो. शेगडी आणली ती थंडी वाजते म्हणून, आणि ती आणल्यावर तू पुन्हा वारा आत घेतेस, हा कुठला न्याय? “कोंडलेल्या खोलीत निखारा ठेवू नये,” एवढंच ती म्हणायची. तिला कार्बन मोनॉक्साइड हे नाव माहीत नव्हतं. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही, हे मला पुढे कळलं. तिचा नियम ऐकीव होता आणि सोळा आणे बरोबर होता.

आजोबांची अडचण वेगळ्या पातळीवरची. ते पहाटे समईपुढे बसून ज्ञानेश्वरी वाचत. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला वारा नसलेल्या जागी तेवणाऱ्या दिव्याची उपमा आहे, हे त्यांनी मला समजावून सांगितलं तेव्हा समोरच्या समईची ज्योत पश्चिमेकडे कललेली होती आणि ते स्वतःही थोडे कललेले होते. चरकानेसुद्धा शिशिरात वारा न लागणाऱ्या, उबदार घरात राहायला सांगितलं आहे. ग्रंथकारांचं एक बरं असतं. निवांत जागा पाहून बसा, असं सांगितलं की त्यांचं काम झालं. खिडकीशी झटापट वाचकाने करायची. “आधी बोळा घाला, मग योग करा,” असं आजी आतून म्हणायची.

वडील कागदाचे पुरस्कर्ते. मार्गशीर्षात मैद्याची खळ शिजवायची, वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापायच्या आणि जप्तीच्या मालाला सील ठोकावं तशी खिडकी चारी बाजूंनी चिकटवून टाकायची. शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत गेली की सील तोडायचं. उपाय म्हणून याच्याइतका नामी दुसरा मी अजून पाहिलेला नाही. त्यात दोनच उणिवा होत्या. खळ खायला झुरळं आणि कसर पाहुणचाराला येत, आणि फाल्गुनात पट्ट्या ओढून काढताना त्यांच्याबरोबर रंग निघे. मग आई रंगाऱ्याला बोलवा म्हणे आणि वडील म्हणत, पुढच्या वर्षी पट्टी त्याच जागी लागणार आहे, रंग कुणाला दिसतोय?

मी बँकेचा माणूस. आधी तपासणी, मग कारवाई. तपासणीला उदबत्ती घेतली. ही युक्ती स्वस्त आहे आणि खरी आहे, कुणीही करून पाहावी. पंखा बंद करायचा, पेटलेली उदबत्ती खिडकीच्या कडेकडेने अगदी संथ फिरवायची. धूर सरळ वर जायचा सोडून जिथे आडवा होईल तिथे फट. मी खडूने खुणा करत गेलो. मधल्या सांध्यात वरपासून खालपर्यंत खुणाच खुणा. खालच्या कडेला तर धूर थेट माझ्या नाकात. पहाटे विरजण मागायला आलेल्या शेजारच्या काकूंनी मला सलग तीन दिवस खिडकीला उदबत्ती ओवाळताना पाहिलं आणि चौथ्या दिवशी बायकोला हळूच विचारलं, “व्रत कुठलं आहे? उद्यापनाला बोलवा हो.”

या तपासणीत एक भानगड उघडकीला आली. वरच्या झरोक्यापाशी धूर आत येत नव्हता, उलट बाहेर पळत होता. खोलीतली उबदार हवा हलकी. ती वर चढते आणि झरोक्यातून निघून जाते. जेवढी गेली तेवढी भरून काढायला खालच्या फटीतून गार हवा येते. म्हणजे निफाडकर आपण होऊन येत नव्हते. आम्ही वरून घरातली ऊब बाहेर सोडत होतो आणि खालून त्यांना आमंत्रण जात होतं. झरोक्याला पुठ्ठा लावला तेव्हा खालचा झोत बराच मंदावला. उन्हाळ्यात ज्या झरोक्याला आम्ही दुवा देतो तोच हिवाळ्यात फितूर होतो, हे आजोबांच्या लक्षात आलं होतं की नाही कुणास ठाऊक.

पुढची पायरी फोमच्या चिकटपट्टीची. रविवार कारंज्यावर दुकानदाराने तीन जाडीच्या पट्ट्या पुढे केल्या. मी सगळ्यात जाड घेतली. जाड तेवढी उबदार, हा मी रजईवरून काढलेला निष्कर्ष. चारी बाजूंना पट्टी लावली, झडप लोटली, ती लागेना. खांदा लावून ढकलली. खिडकी लागली आणि त्याच वेळी बिजागरीचे चार स्क्रू चौकटीतून बाहेर आले. काय झालं ते नंतर कळलं. कडीच्या बाजूला जाड पट्टी चालते, पण बिजागरीच्या बाजूला ती म्हणजे अडकित्त्यात सुपारी. झडपेचा दांडा लांब, जोर मोठा. सुपारी फुटत नाही म्हणून अडकित्ता फुटतो. ऐंशी वर्षं जुन्या भोकांत स्क्रू पुन्हा धरेनात, तेव्हा काडेपेटीच्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकांत ठोकल्या आणि त्यात स्क्रू पिळले. या एका गोष्टीबद्दल बायको आजही चारचौघांत माझं कौतुक करते. बाकीचं सांगत नाही, हा तिचा मोठेपणा.

आठव्या दिवशी फोम सुटून शेवयांसारखा लोंबू लागला. तेलरंगावर धूळ आणि धुळीवर चिकटपट्टी म्हटल्यावर दुसरं काय होणार? मग रंग खरवडायला बसलो. वर चॉकलेटी, त्याखाली हिरवा, त्याखाली निळा. तोंडाला फडकं बांधून आणि लाकूड ओलं करून खरवडलं, कारण जुन्या तेलरंगांत शिसं असतं, त्याची कोरडी धूळ उडवू नये. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर कडक मर्यादा आली ती २०१७ साली. आमचा सगळ्यात वरचा थरसुद्धा त्याच्या किती तरी आधीचा.

मुलगी लीड्सला असते. तिचंही घर जुनं आहे, वर-खाली सरकणाऱ्या लाकडी खिडक्यांचं, आणि तिच्याकडेही वारा येतो. फक्त तिकडे तो मोजून पैसे घेणारी माणसं आहेत. तिने फोनवर एक वस्तू दाखवली. कापडाचा लांबलचक कुत्रा, आत भुसा की कापूस भरलेला, दाराखालच्या फटीला आडवा टाकायचा. बघतो तर आजीची लुगड्याची वळकटी. तिला दोन डोळे आणि किंमत लावलेली, एवढाच फरक. इंग्लंडात १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता म्हणे, आणि तो चुकवायला लोकांनी खिडक्याच विटांनी बुजवून टाकल्या. मी दोन विटांचा हिशेब मांडत बसलो होतो. त्यांनी उलट दिशेने सोडवून दाखवला. करवसुलीतून सर्दीवर उपाय निघाल्याचं एवढं एकच उदाहरण मला माहीत आहे.

रंग खरवडता खरवडता मी मधल्या सांध्यापाशी आलो. आमच्या खिडकीची डावी झडप सहसा उघडत नाही. उघडते ती उजवी. उजवी येऊन डावीच्या कडेला कोरलेल्या खाचेत बसते. त्या खाचेत हाताला मऊ लागलं. लाकूड कुजलं की काय म्हणून नखाने टोकरलं तर कागद. खळीने चिकटवलेला, एकावर एक, थरावर थर. गरम पाण्याचं फडकं धरून धरून एकेक थर सोडवला आणि जेवणाच्या टेबलावर क्रमाने वाळत घातला.

सगळ्यात तळाला पोस्टकार्डाची पट्टी, एकपदरी. तिच्यावर आजोबांच्या वळणदार अक्षरातला अर्धा पत्ता. मग ‘गावकरी’च्या दोन घड्या. त्यावर ‘गावकरी’च्याच चार घड्या, हे काम वडिलांचं. त्यावर एक जाड निळसर पान आठ घड्यांचं. उलगडलं तर माझं सहावीचं प्रगतिपुस्तक. गणितात शंभरपैकी २९. हे पान शाळेतून येताना हरवलं असं मी वडिलांना सांगितलं होतं, आणि ते हरवलं नव्हतं, कामाला लावलं होतं. वडिलांनी त्याच्यावर पुढच्या वर्षी स्वतःच्या हाताने खळ फासली असणार. त्यांना कळलं की नाही, हे विचारायची वेळ आता गेली. सगळ्यात वर मुलीच्या लग्नाची पत्रिका, पाकिटासकट. ती मी कोंबलेली.

बायकोला प्रगतिपुस्तकात रस वाटला. मला मात्र त्या टेबलावर दुसरंच काहीतरी दिसत होतं. एकपदरी पोस्टकार्ड, दोन घड्या, चार घड्या, आठ घड्या, पाकिटासकट पत्रिका. आजोबांच्या वेळी ज्या फटीत पोस्टकार्डही जेमतेम मावत होतं, तिच्यात एवढं सगळं गेलं आणि वर निफाडकरांना यायला जागा उरली. फट वाढत कशी गेली? साग काही ऐंशी वर्षं आक्रसत राहत नाही.

उत्तर मिळालं ते बिजागरी बघायला आलेल्या मिस्त्रींकडून. त्यांनी फटीकडे पाहिलंही नाही. उजव्या झडपेच्या कडेवरून अंगठा फिरवला, एक डोळा मिटून कड नजरेच्या रेषेत धरली आणि विचारलं, “भाऊ, याला रंधा कोण मारतं?”

“मीच,” मी सांगितलं. अभिमानाने सांगितलं, कबूल करतो. “आधी वडील मारायचे, त्याआधी आजोबा. रंधासुद्धा आजोबांचाच आहे. दाखवू?”

“कधी मारता?”

“आषाढात. खिडकी अडकते ना.”

मिस्त्री थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मग निफाडची थंडी कशाला बदनाम करता?”

गोष्ट इतकी साधी होती की तीन पिढ्यांत कुणाला दिसली नाही. लाकूड पावसाळी हवेतली ओल पितं आणि फुगतं. फुगतं ते रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच. त्यात साग तर सगळ्यात सोशिक, इतर लाकडांच्या मानाने फार कमी हलणारा; पण दीड फूट रुंदीची झडप म्हटल्यावर सूतभर इकडे-तिकडे व्हायचंच. आषाढात झडप घट्ट बसू लागली की घरातला कर्ता पुरुष अस्वस्थ होतो. तो रंधा काढतो, पात्याला धार लावतो आणि झर्र झर्र करून लाकडाच्या कुरळ्या साली काढतो. खिडकी लोण्यासारखी फिरते. घरात वाहवा होते. पुढे पौषात हवा कोरडी होते, लाकूड आपली ओल सोडून मूळ मापाला येतं, आणि त्या मूळ मापातून आपण आषाढात चोरलेलं तेवढं कमी भरतं. तीच फट. मग कर्ता पुरुष खळ शिजवतो आणि कागद चिकटवतो. पुढच्या आषाढात झडप आणखी घट्ट, कारण आता खाचेत कागद आहे. पुन्हा रंधा, आणि रंधा चालतो तो लाकडावर, कागदावर नाही. दरवर्षी थोडं लाकूड गेलं, थोडा कागद आला. आजोबांची सागवानी खिडकी आम्ही हप्त्याहप्त्याने कागदाची करत आणली होती. अशा कर्जदाराला मी बँकेत दारात उभं केलं नसतं.

आणि त्या कुरळ्या साली जायच्या कुठे? बंबात. छान पेटायच्या. म्हणजे खिडकी जाळून आम्ही आंघोळीचं पाणी तापवलं, आणि कढत पाण्याने न्हाऊन ओल्या कानांनी त्याच खिडकीपुढे उभे राहिलो.

पुढची दुरुस्ती पाऊण दिवसात झाली, तिच्यात सांगण्यासारखं फार नाही. मिस्त्रींनी कुठल्याशा मोडलेल्या वाड्याच्या चौकटीतून जुन्या सागाची पट्टी आणली, झडपेच्या कडेला सरस लावून आणि स्क्रू मारून जोडली, आणि मुद्दाम अर्धा सूत कमी ठेवली. ‘ही आषाढाची,’ म्हणाले. कडीचा कोयंडा सूतभर आत सरकवला. त्याने कडी लागताना झडप चौकटीकडे ओढली जाते. निम्मी फट तेवढ्यानेच मिटली. ज्यांच्या खिडक्या खुळखुळतात त्यांनी पट्ट्या-फोमच्या भरीला पडण्याआधी आपला कोयंडा बघावा.

खालच्या कडेचं काम मी मागून घेतलं. चौकटीवर सिलिकॉनची बारीक धार ओढायची, तिच्यावर भाजीची पातळ पिशवी अंथरायची, झडप लावून रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी पिशवी सोलून काढली की सिलिकॉनने नेमका फटीचा आकार घेतलेला असतो. वाकडी फट असेल तर वाकडा. पहिल्या खेपेला मी पिशवी विसरलो. दोन दिवस खिडकी उघडली नाही. “आता खरी बंद झाली,” बायको म्हणाली. पातं घालून सोडवली आणि दुसऱ्यांदा नीट जमलं.

बैठकीतल्या काचेच्या खिडकीला सगळं करूनही पायाला गार लागतं. तिथे उदबत्तीने वरून खाली तपासलं, फट नाही. हवा बाहेरून येतच नाही; गार काचेला टेकलेली खोलीतलीच हवा थंड होऊन जड होते आणि घसरत खाली उतरते. तिला जमिनीपर्यंतचा जाड पडदा लावला. न्हाणीघराच्या खिडकीला मात्र हात लावलेला नाही. तिथे गॅसचा गिझर आहे, आणि आजीचा शेगडीचा नियम त्यालाही लागू. त्या फटीतून वारा येतो, अंगावर काटा येतो, येऊ दे. बंद न्हाणीघरात गिझर चालवून माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात असतात. आपल्याकडे असं असेल तर आजच जाऊन ती फट मोकळी करा.

या वर्षी संक्रांतीला पारा उतरला, कुंदेवाडीचा आकडा आला, तोऱ्यात वाचला. पहाटे साडेपाचला सवयीने जाग आली. डावा कान कोरडा, गरम. फटीतून वारा जाताना जी बारीक शीळ वाजायची तीही नाही. मी बराच वेळ जागा होतो. शेवटी कानटोपी काढून उशीखाली ठेवली आणि झोपलो.

सध्या आषाढ चालू आहे. खिडकी अडकते, अपेक्षेप्रमाणे. मिस्त्रींचा अर्धा सूत पहिल्या दोन पावसांतच संपला. हात शिवशिवतात. आजोबांचा रंधा बायकोने धान्याच्या कोठीत ठेवून कुलूप लावलं आहे. कार्तिकी एकादशीनंतर मागा, म्हणाली. तोवर पूर्वेची खिडकी उघडायची तर दोन माणसं लागतात.